हिरव्या मण्याच्या मालकीणबाई

मालकीणबाईंच्या घरी जेवायचं असेल तर आधी डोंगरी चढावी लागे. येणारा पटवारी असो, फौजदार असो, की मुलगी पाहायला आलेला नवरदेव, नियम एकच. पाय धुवायला पाणी मिळे, तोंडात टाकायला गूळ मिळे आणि लगोलग हातात बांबूची काठी मिळे. "आधी डोंगरी, मंग भाजी," एवढं बोलून मालकीणबाई चालायला लागत. पाहुण्याला वाटे, थट्टा चालली आहे. तो हसत हसत मागे वळून पाही, तर स्वयंपाकघराला कुलूप लागलेलं असे आणि किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला वाजत डोंगरीच्या दिशेनं निघालेली असे.

हिरडीटोला हे त्यांचं गाव. चिचगडच्याही पलीकडे, जिथे गाडीवाट कंटाळून मोहाच्या झाडांत बसकण मारते तिथे. त्यांचे यजमान, गावचे मालगुजार म्हणजे जमीनदार, वारले तेव्हा भाऊबंदांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की बाईमाणूस आता काशीला जाईल. बाई कुठेही गेल्या नाहीत. नवऱ्याचे शिकारीचे बूट पायात घातले, लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि गाव चालवायला घेतलं. बूट दोन बोटं मोठे होते, म्हणून आत चिंध्या कोंबलेल्या असत. त्या बुटांचा धप धप आवाज आला की भांडणारे आपोआप तडजोडीला येत.

पण त्यांचा खरा जीव गावात नव्हता, डोंगरीवर होता. वर पुरुषभर उंचीच्या उभ्या दगडांचं एक रिंगण होतं. त्याच्या भोवती चुन्यामातीशिवाय रचलेली जाड भिंत, निम्मी ढासळलेली. मधे गावाच्या देवाचे शेंदूर लावलेले गोटे. आणि पाऊस पडून गेला की अंगणासारख्या सपाट जागेत हिरव्या दगडाच्या कपच्या चमकायला लागत. कुठे घासून गोल केलेला तुकडा, कुठे अर्धवट भोक पाडलेला मणी, कुठे घासून घासून पन्हळी पडलेली फरशी. पूर्वी कधीतरी, फार पूर्वी, कोणीतरी इथे बसून हिरव्या दगडाचे मणी घडवत होतं. हे कळायला विद्वान असावं लागत नाही, डोळे असले की पुरतात. पण मालकीणबाईंना नुसतं कळून भागत नसे, दुसऱ्यालाही कळवावं लागे. आणि तेही उपाशीपोटी.

मी हिरडीटोल्याला पहिल्यांदा गेलो तो मुलगी पाहायला. मालकीणबाईंनी सांभाळलेली त्यांची आईवेगळी भाची यमुना, ती मुलगी. आमचं आमगावला किराणा दुकान. बाबांचा जन्म गादीवर बसण्यात गेलेला, चढ म्हणून त्यांनी दुकानाच्या पायऱ्यांपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. डोंगरी अर्धी झाली तेव्हा ते एका खडकावर बसले ते उठेनात. मालकीणबाईंनी एक हिरवी कपची त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"पाहा जी सोयरेबुवा, भोक दोन्हीकडून पाडलं हाये. मधात येऊन भेटलं. कशी नजर असंन त्या बाईची!"

"बाईची?" बाबा धापा टाकत म्हणाले.

"मंग कोनाची? मानसाले एवढा दम असते का? तुमचा तं अठीच निंगाला."

"बरोबर आहे. आणि मुलगी..."

"पोरगी खाली हाये, कुठं पळून नाई जात. गोटे पान्यानं वाहून जाऊन राहिले, ते आधी पाहा."

बाबांनी तिथेच बसल्या बसल्या मुलगी पसंत असल्याचं जाहीर केलं. हुंडा, मानपान, कशाकशाचा शब्दही काढला नाही. खाली उतरायला मिळावं एवढीच त्यांची अट होती. आमगावात लोक विचारत, सोयरीक कशी काय जुळली? मी सांगत असे, बाबांच्या गुडघ्यांनी जुळवली.

जावई झाल्यावर मला तो रस्ता पाठ झाला. आमच्या भागात कुठेही जुना दगड दिसला की लोक हात जोडतात आणि म्हणतात, पांडव इथे राहून गेले. मालकीणबाईंना या वाक्याची चीड होती. "तुमचे पांडव वनवासात होते का ठेक्यावर होते?" त्या विचारत. "इकडं गुफा कोरली, तिकडं तलाव खोदला, अठी भिंत बांधली. मंग द्रौपदीनं रांधलेला भात कवा खात होते?" एकदा एका कीर्तनकारबुवांना त्यांनी हे भर कीर्तनात विचारलं. बुवांनी पुढचं आख्यान जरा लवकर आटोपलं.

त्यांचं स्वतःचं संशोधन निर्दोष होतं असं मात्र कोणी समजू नये. एके वर्षी रिंगणाजवळ त्यांना नक्षी असलेलं खापर सापडलं. ते त्यांनी कापसात गुंडाळून ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. गावचा पुजारी म्हणजे भूमक, त्याचं नाव सोमा. सोमाची बायको काही कामानं वाड्यावर आली, खापर पाहून म्हणाली, "अवं बाई, हे तं माह्यं मडकं! मांगच्या होरीले फुटलं होतं." बाकीचे हसू दाबत खांबाआड गेले. मालकीणबाई क्षणभरही डगमगल्या नाहीत. खापर पुन्हा कापसात गुंडाळत म्हणाल्या, "बरं झालं सांगतलं. पर तुह्यं मडकं बी कधी ना कधी जुनं होनारच हाये नं? राहू दे."

मग त्यांच्या डोक्यात शिरलं की मणी कसा घडवत होते ते करून पाहिल्याशिवाय बोलायचा आपल्याला हक्क नाही. इथून पुढची काही वर्षं त्या घरातल्या माणसांनी जे सोसलं ते त्यांनाच ठाऊक. आधी गावच्या सुताराला बोलावलं. त्यानं भोक पाडायचा, दोरीनं फिरवायचा आपला सामता लावला. हिरव्या दगडाला ओरखडा पडला नाही, सामत्याचं पातं मात्र वाकलं. सुतार म्हणाला, "मालकीन, हा दगड नाई, हा सासरा होय." आणि निघून गेला. मग मालकीणबाईंनी स्वतः मांडी ठोकली. लोखंड बाजूला ठेवलं, बोरूसारखी बारीक बांबूची काडी घेतली, कमानीची दोरी तिला वेढली, दगडावर ओली वाळू टाकली आणि कमान पुढेमागे ओढायला लागल्या. भोक काडी पाडत नाही, वाळू पाडते, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. उमगल्या दिवशी त्यांनी सगळ्या गड्यांना गूळ वाटला आणि कशाबद्दल ते कोणालाही कळलं नाही.

त्यानंतर हिरडीटोल्याच्या वाड्यात सकाळपासून घर्र घर्र सुरू असे. मालकीणबाई ओसरीवर बसून मणी घासत आणि तिथेच गावचा कारभार करत. कोणाची गाय कोणाच्या धानात शिरली, कोणाची बायको माहेराहून येत नाही, सगळ्या फिर्यादी त्या घर्र घर्रच्या तालावर ऐकल्या जात. आवाज थांबला की समजायचं, निकाल लागला. मी एकदा म्हणालो, "आत्याबाई, एका मण्यासाठी एवढं? गोंदियाच्या बाजारात पोतंभर काचेचे मणी मिळतात."

कमान न थांबवता त्या म्हणाल्या, "जवाईबापू, बाजारात जवाई बी भेटते. म्हनून काय कोनताही आनाचा?"

यमुना आतून हसली ते मला ऐकू आलं.

कित्येक दगड फुटले. कधी कड उडे, कधी भोक मधे येऊन भेटण्याऐवजी शेजारून निघून जाई. आणि मग एका उन्हाळ्यात, मोहफुलं वेचून झाल्यावर, वाड्यातून अशी आरोळी उठली की बायका विहिरीवर घागरी टाकून धावल्या. मणी झाला होता. बोराएवढा, गोल, आत दिवा लावल्यासारखा हिरवा, आणि आरपार भोक. मालकीणबाईंनी त्यातून दोरा ओवला, काढला, पुन्हा ओवला. मी तेव्हा तिथेच होतो. त्या बाईला मी इतकी सुंदर दिसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे मी यमुनेसमोर कबूल करतो आहे.

आता तिथली रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. त्या जंगलपट्ट्यात नवं काहीही आलं की ते आधी देवाचं. नवं धान, नवा आंबा, नव्या वालाच्या शेंगा देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायच्या नाहीत. हिरडीटोल्यानं ही रीत जरा जास्तच मनावर घेतली होती. मी नवी सायकल घेऊन गेलो तेव्हा ती खांद्यावर टाकून डोंगरीवर नेली, देवाला दाखवली आणि परत आणली. त्यानंतर ती कधी सरळ चालली नाही. पण सायकल परत तरी मिळाली. हातानं घडवलेली पहिली वस्तू देवापाशीच ठेवायची असे. पहिली टोपली, पहिलं मडकं, पहिली चटई. मणी तयार झाला तसा सोमा भूमक ओसरीखाली येऊन उभा राहिला. नुसता उभा.

"काऊन रे सोमा, काय पाहिजे?" मालकीणबाईंनी मूठ आवळून विचारलं.

"मले कायले पाहिजे जी? देवाले पाहिजे."

"देव गळ्यात मनी घालते का?"

"देव टोपलीत बी नाई बसत, मालकीन. पर टोपली घेते."

मालकीणबाईंनी यावर बराच वेळ मूठ उघडली नाही. शेवटी ढोल वाजवत सगळा गाव डोंगरीवर गेला आणि त्यांनी तो मणी स्वतःच्या हातानं शेंदरी गोट्यांच्या मधे ठेवला. उतरताना म्हणाल्या, "दुसरा मनी माह्या." दुसऱ्याला बसल्या, पण तोवर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भोक कुठे चाललं आहे ते दिसेना. दुसरा झालाच नाही.

याच सुमारास गोंदियाचा एक ठेकेदार आमच्या कथेत प्रवेश करतो. पांढरी टोपी, सोन्याचा दात, आणि कोणत्याही डोंगराकडे पाहून तो फोडून किती खडी निघेल ते ओळखणारी नजर. जंगलातून पक्की सडक व्हायची होती. डोंगरी गावच्या हद्दीला लागून, पण सरकारी जंगलात. तेव्हा मालकीणबाईंना विचारायचं कारणच नव्हतं. तरीही ठेकेदार रिवाज म्हणून वाड्यावर आला.

"मालकिन, पत्थर तो पत्थर है. सड़क बनेगी, आपकी मोटर चलेगी."

"माह्याजवळ मोटार नाई."

"आएगी ना!"

"आली तं मी तिच्यात बसून जाईन कुठं? डोंगरीच नसंन तं?"

"गोंदिया आइए! सिनेमा देखिए!"

त्याला त्या दिवशी जेवण मिळालं नाही. डोंगरी चढतो म्हणाला तरी मिळालं नाही. या घराच्या इतिहासातला हा एकच अपवाद.

मालकीणबाईंनी बैलगाडी जुंपली आणि तडक भंडारा गाठलं, कारण आमचा मुलूख तेव्हा भंडाऱ्याच्या हाताखाली. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यासमोर बैल सोडले आणि तिथेच चूल मांडली. साहेबांच्या बागेतला गुलाब बैलांना आवडला. गुलाबाची दुसरी ओळ संपायच्या आत हुकूम निघाला: डोंगरी फोडण्यापूर्वी नागपूरहून जुन्या वस्तूंचा जाणकार येऊन पाहील. जागा खरोखर प्राचीन आणि महत्त्वाची ठरली तर हात लावायचा नाही, न ठरली तर सुरुंग. सगळं त्या एका माणसाच्या शब्दावर आलं.

तो माणूस धान कापणीच्या आधी आला. खाकी टोपी, विलायतेत झालेलं शिक्षण आणि इतकी शुद्ध मराठी की गावातल्या लोकांना ती इंग्रजीच वाटली. सोमानं मला हळूच विचारलंही, "साहेब काय म्हनून राहिला जी?" आम्ही सगळेच वर गेलो. ठेकेदार आला, मी होतो, सोमा होता, आणि गावातलं चालू शकणारं प्रत्येक माणूस होतं. मालकीणबाईंनी वर्षानुवर्षं वेचलेल्या हिरव्या कपच्या, अर्धवट मणी, घासलेले तुकडे, सगळं सुपात भरून साहेबांपुढे ठेवलं. एकेक कपची त्यांनी पदरानं पुसून घेतली होती. मला वाटतं मुलगी दाखवतानाही एवढी तयारी केली नव्हती.

साहेबांनी सूप ढवळलं. "बाई, ह्याला काही लोक जेड म्हणतील. परंतु जेड ह्या प्रदेशात आढळत नाही. अर्थात हे जेड नव्हे. आणि जेड नसेल, तर येथे जेडचा कारखाना असण्याचा संभव नाही."

"मंग हे काय होय?"

"हिरवा दगड."

"मंग मी काय लाल म्हनून राहिली का?"

साहेब समजूतदारपणे हसले. "हे तुकडे अलीकडचे दिसतात. गुराखी पोरांनी फोडले असावेत. ही छिद्रंही अपूर्ण आहेत. प्राचीन कारागीर असं अर्धवट काम करीत नसत."

हे वाक्य मी आजही कधी कधी चघळतो. जुन्या काळी सगळ्यांचं सगळंच पुरं होत असे, असं मानणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ठेकेदाराचा दात उन्हात चमकायला लागला. "हाँ साहब, कंकड़ है, कंकड़!" मालकीणबाईंनी रिंगणाकडे पाहिलं, एकेका दगडावरून नजर फिरवली. जाणाऱ्या माणसाला एकदा नीट बघून घ्यावं, तशी.

साहेब परत निघाले आणि त्यांच्या बुटात खडा गेला. तो काढायला ते नेमके शेंदरी गोट्यांवर टेकले. सोमाच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. साहेबांनी बूट झटकला, खाली पाहिलं, आणि तसेच थांबले. वाळलेल्या धानाच्या लोंब्या, फुटकी टोपली, शेंदूर, आणि त्यातून डोकावणारा हिरवा ठिपका. त्यांनी तो उचलला, फुंकला, रुमालानं पुसला आणि उजेडाला धरला. मालकीणबाईंचा मणी. एक बूट घातलेला आणि एक हातात, अशा अवस्थेत साहेब कितीतरी वेळ उभे होते.

"अद्भुत," ते म्हणाले. "हे पाहा! ही सफाई, हे छिद्र! दोन्हीकडून येऊन ठीक मध्यभागी मिळालं आहे. हे जेडच! नि:संशय जेड! हे काम आजच्या हातांचं नव्हे. ह्या रानात आज असं काम कोणाला येणार? दोन हजार वर्षं तर सहजच."

सगळा गाव मालकीणबाईंकडे पाहायला लागला. हा मणी ढोल वाजवत वर आलेला प्रत्येकानं पाहिला होता. काहींनी तो वाजवलेलाही होता, म्हणजे ढोल. आणि मालकीणबाईंचा चेहरा! मी नाटकं पुष्कळ पाहिली, पण असा चेहरा एकाही नटाचा पाहिला नाही. आधी तो फुलला. मान ताठ झाली, छाती भरून आली, तोंड उघडलं. आयुष्यात जी बाई भाजीत मीठ आपण टाकलं हे सांगितल्याशिवाय राहिली नाही, तिच्या हातच्या कामाला विलायतेत शिकलेला माणूस अद्भुत म्हणत होता. शब्द ओठावर आलेला मला दिसला. तेवढ्यात सोमाच बोलायला लागला, "साहेब, हे तं आमच्या..."

"सोमा," मालकीणबाई म्हणाल्या, "साहेबाले पानी दे."

सोमा पाणी आणायला वळला.

साहेब त्यांच्याकडे वळले. "बाई, तुम्हांला ह्या मण्याविषयी काही माहिती आहे?"

"नाई जी," मालकीणबाई म्हणाल्या. "मी अडानी बाई. मले काय समजते?"

ओसरीवर बसून निवाडे देणारी, कीर्तनकाराला पळवणारी, साहेबाच्या बंगल्यासमोर बैल सोडणारी बाई म्हणते, मला काय समजतं! एक म्हातारा तर घाबरून खालीच बसला. साहेबांना मात्र ते अगदी स्वाभाविक वाटलं. "हे कोण्या निष्णात पुरुषाचं काम आहे," ते वहीत लिहिता लिहिता म्हणाले. मालकीणबाईंनी बुटातले अंगठे दाबले आणि तेही गिळलं.

मणी नागपूरला न्यायचा ठरला तेव्हा सोमा आडवा आला. देवाचं उचलायचं नाही. मालकीणबाईंना गोंडी चांगली येत असे. त्या सोमाला बाजूला घेऊन गोंडीत एवढंच म्हणाल्या, की विचार देवाला, मणी पाहिजे का डोंगरी पाहिजे. सोमानं डोळे मिटले, धानाचे दाणे गोट्यावर टाकले, मोजले, पुन्हा टाकले. साहेबांनी ते मंत्र समजून टोपी काढली. मग सोमानं डोळे उघडले आणि म्हणाला, "देव म्हंते, डोंगरी."

डोंगरी वाचली. महान राजाचा किल्ला, दूरदेशीचा व्यापार, असं काय काय साहेबांनी लिहिलं आणि सडक नाल्याच्या पलीकडून गेली. तीच वाकडी सडक आज आपण वापरतो. त्या दिवशी पंगत बसली, साहेबांनी लाखोळी डाळीचे वडे मागून मागून खाल्ले. मालकीणबाई वाढत होत्या, पण स्वतः जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. यमुना काळजीत पडली. मी विचारलं, "आत्याबाई, पश्चात्ताप होतो का, खोटं बोलल्याचा?"

"कायचा पश्चात्ताप? डोंगरी खरी हाये का नाई? खऱ्याले वाचवाले खोटं कामी आलं." मग पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "पर बाप्पा, गप बसलं का अठी असं दुखते, हे मले मालूमच नव्हतं. तुमी लोकं कसे करता जी रोज?"

पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, संपलं. एकदा त्यांच्या डोळ्यांसाठी आम्ही त्यांना नागपूरला नेलं. मोतीबिंदू काढला, हिरवी पट्टी सुटली, आणि दवाखान्याच्या पायरीवरच त्या म्हणाल्या, "आता मले माह्या मनी दाखवा." अजबखान्यात, म्हणजे तिथल्या वस्तुसंग्रहालयात, काचेच्या पेटीत, मखमलीवर, एकटाच ठेवला होता. खाली पाटी. मला वाचायला लावली. 'हिरव्या जेडचा मणी. अतिप्राचीन. कारागिरी उत्कृष्ट.' पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आखरीचं तेवढंच वाचा."

त्यांनी काचेवर पंजा ठेवला तसा पहारेकरी धावत आला. "बाई, हात लावू नका."

"काऊन जी?"

"फार जुनी वस्तू आहे. तुमच्या आमच्या खापरपणज्यांच्या आधीची."

"असं? कोनं बनवली?"

"ते कुणाला ठाऊक! असेल कोणी थोर माणूस. जरा छिद्र बघा की. असं आता होतं का कुणाच्यानं?"

"नाई होत," मालकीणबाई गंभीरपणे म्हणाल्या. "माह्याच्यानं तं दुसऱ्यांदा झालंच नाई." पहारेकऱ्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट आहे. तो मऊ झाला. त्यांनी गाठोडं सोडून त्याला दोन लाडू दिले, आणि आणखी एकदा बोल म्हणाल्या. बिचारा पुन्हा बोलला. बाहेर आल्यावर टांग्यात बसताना माझा हात धरून म्हणाल्या, "जवाईबापू, मेल्यावर सगळ्याचंच चांगलं बोलतात. पर ऐकाले कोन राह्यते? म्या ऐकलं." टांगा सुरू झाला तरी त्या मागेच पाहत होत्या.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षीच्या धान कापणीत त्या गेल्या. मोठ्या डामडौलानं जातील असं वाटलं होतं, पण खळ्यावर बसल्या बसल्या, कोणालातरी रागावता रागावता गेल्या. वाक्य अर्धंच राहिलं. कोणाला रागावत होत्या ते अजून ठरलेलं नाही. दोघेतिघे तो मान आपल्याकडे घेतात.

त्यानंतर नागपूरला कामानिमित्त गेलो की यमुना अजबखान्यात जाते. काचेपुढे उभी राहते, पदर डोक्यावर घेते, हात जोडते. मी लाजून बाजूच्या भुसा भरलेल्या वाघाकडे पाहत राहतो. पहिल्या वेळी तिच्या मागे दोन बाया थांबल्या, त्यांनीही उगाच हात जोडले. पुढच्या वेळी पेटीवर झेंडूचं फूल होतं. परवा गेलो तर पाटीच्या कडेला चक्क कुंकू! नव्या पहारेकऱ्याला विचारलं, हा काय प्रकार. तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, जागृत मणी आहे. बायकांचं ऐकतो. अडलेली लग्नं जुळतात म्हणे."

मी यमुनेकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्यापुढे पाच-सहा बायका उभ्या होत्या, एकीच्या हातात नारळ होता. मी चपला काढल्या आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिलो.